दगडी पाला, मध आणि ह्यांचा पाय

दगडी पाला माहीत नाही असं घर आमच्या गोडदेव गावात पूर्वी नव्हतं. आता इमारतीतल्या सुनांना दाखवला तर म्हणतात, हे तर गवत आहे. गवतासारखाच उगवतो म्हणा तो. कंपाउंडच्या भिंतीला, गटाराच्या कडेला, जिथे मूठभर माती मिळेल तिथे. पानं खरखरीत, आणि उंच दांडीवर एकच एवढंसं फूल, मध्ये पिवळं, कडेनं पांढरट. कुणी त्याची पूजेला परडी भरत नाही.

पण आमची मिठागरं होती तेव्हा हाच पाला आमचा डॉक्टर होता. मिठागरात काम करणाऱ्याचे पाय कसे होतात ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून कातडी भिजून पांढरी पडते, आणि मिठाचा थर काचेसारखा कापतो. त्या कापलेल्या जागेवर पुन्हा मीठच. सासूबाई दगडी पाला धुऊन ठेचायच्या, रस पिळायच्या, त्यात बोटभर मध घालायच्या आणि जखमेवर लावून जुन्या लुगड्याची पट्टी बांधायच्या. माझ्याही टाचेवर त्यांनी ते बांधलंय. आठ दिवसांत मी परत बांधावर उभी. त्यामुळे माझा त्या पाल्यावर जो विश्वास होता, तो काही ऐकीव नव्हता, पायाला आलेला अनुभव होता. हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून तुम्ही मला वेडी म्हणाल.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये राहते. ती जंतूंचा अभ्यास करतेय, पीएचडीचा. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती आमच्याकडे जेवायला आली. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण तिला माझ्याच हातचं लागतं. जेवता जेवता मी सहज विचारलं की तू त्या लॅबमध्ये दिवसभर करतेस तरी काय. तिनं समजावून सांगितलं. म्हणाली, काही जंतू आता औषधांना जुमानत नाहीत. लोक अँटिबायोटिक अर्धवट घेतात, नको तिथे घेतात, आणि जंतू त्यातून वाचायला शिकतात. मग साधी जखमसुद्धा भरत नाही. म्हणून तिच्या मॅडम आणि ती वनस्पतींचे अर्क मधात मिसळून बघतायत, त्यानं तरी हे हट्टी जंतू मरतात का.

मी म्हटलं, मग त्यात नवीन काय, आमच्या सासूबाई हेच करायच्या.

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली, डावा हात पुसला आणि मोबाईलवर लिहायला घेतलं. पाला कुठला, ताजा की वाळलेला, मध किती, पट्टी कधी बदलायची. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं पेपर वाचून आणि पोरांच्या पुस्तकांत डोकावून शिकलेली. मी बोलतेय आणि शिकलेलं माणूस ते लिहून घेतंय, असं माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. कालवण गार झालं तिचं, तरी मी थांबले नाही.

मग आम्ही दोघी पाला खुडायला गेलो. मध मीच दिला, वसईला माझ्या बहिणीच्या वाडीत मधमाश्यांच्या पेट्या आहेत, तिथला. शिवाय आमच्या ह्यांनी काशीमीऱ्याला हायवेवर एका बादलीवाल्याकडून घेतलेला मधही दिला. वर पोळं ठेवून विकतात ना, तो. ह्यांना त्याचा भारी अभिमान. जंगलातला अस्सल म्हणायचे.

महिनाभरानं भाची फोटो घेऊन आली. काचेच्या बशीत खिरीसारखं काहीतरी गोठवतात, त्यावर जंतू पेरतात, मग त्यात बारीक भोकं पाडून एकात पाल्याचा अर्क भरतात, एकात मध, एकात दोन्ही मिसळून. दुसऱ्या दिवशी बघायचं. जंतू वाढले की सगळी बशी गढूळ दिसते, आणि औषध जिथे लागू पडलं तिथे भोकाभोवती स्वच्छ गोल राहतो. पाल्याचा गोल टिकलीएवढा होता. वसईच्या मधाचा त्याहून थोडा मोठा. आणि दोन्ही मिळून जो होता, तो जवळजवळ रुपयाएवढा. बादलीवाल्याच्या मधाभोवती काहीच नव्हतं, जंतू अगदी भोकाच्या तोंडापर्यंत आले होते. साखरेचा पाक असणार, ती म्हणाली. ह्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "तुजे जंतूंना गोड आवडतं त्याला मी काय करू?"

दोन्ही मिळून जास्त का, ते तिनं मला सांगितलं. जंतू एका गोष्टीपासून वाचायला शिकतो, पण दोन गोष्टी दोन बाजूंनी एकदम आल्या की त्याला ते जड जातं. मला हे लगेच पटलं. जाताना मात्र तिनं मोबाईल बंद केला आणि दारात थांबून म्हणाली, "आत्या, हे काचेच्या बशीतलं आहे, माणसाच्या पायातलं नाही. कुणाला लावायला जाऊ नकोस हं."

मी हो म्हटलं. ऐकलं मी ते, पण मनावर घेतलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो रुपयाएवढा गोल होता.

गेल्या मे महिन्यात मी गच्चीवर बोंबील वाळत घातले होते. हे भर दुपारी अनवाणी वर गेले, कावळे हाकलायला. ह्यांना पंधरा वर्षं झाली साखरेचा आजार आहे. पायाला भाजतंय हेच त्यांना कळलं नाही. संध्याकाळी मी पाय पाहिला तर डाव्या करंगळीखाली हा एवढा फोड. मी ओरडले तर म्हणाले, "काय न्हाय गो, फोड हाय. दुखत पन न्हाय." न दुखणं हेच तर वाईट, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

फोड फुटला. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम दिलं. पंधरा दिवसांत जखम भरायची सोडून खोल गेली. मग मीरा रोडच्या एका सर्जनकडे गेलो. ते गुजराती, आमच्याशी अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचे आणि मला माजी, म्हणजे आई, म्हणायचे. त्यांनी गोळ्या दिल्या, पट्टी करायला शिकवलं. आणि पहिल्याच दिवशी विचारलं की घरी काही लावता का, पाला, हळद, काही. मी म्हटलं, काही नाही.

खोटं बोलले. त्याच सकाळी मी पाट्यावर दगडी पाला वाटून, वसईचा मध घालून, जखमेवर लावला होता आणि वर डॉक्टरांची पट्टी बांधली होती. डॉक्टर लोक घरच्या औषधाला ओरडतात, हे आम्हां बायकांना पाठ असतं. म्हणून विचारलं की नाही म्हणायचं. ह्यांनीही मान हलवली. घरी आल्यावर मला म्हणाले, "तू लाव. तुजे हातचा मना गुन येतो." चाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाबद्दल एवढं चांगलं बोलले नव्हते.

गोळ्या संपत आल्या तरी जखम ओलीच. डॉक्टर म्हणाले की जखमेतला स्वॅब तपासायला पाठवू, कुठला जंतू आहे ते कळेल, मग त्याच्यावरचंच औषध देऊ. उद्या सकाळी लॅबमध्ये जा, पट्टी सोडू नका, आहे तसे जा.

आता माझी चूक ऐका. आमच्याकडे पद्धत अशी, की डॉक्टर घरी यायचा म्हटलं तर आधी आजाऱ्याला पुसून, धुतलेले कपडे घालून बसवायचं. परक्या माणसापुढे घाण दाखवायची म्हणजे घरच्या बाईची लाज. लॅबमध्ये कुणीतरी मुलगी पट्टी सोडणार, आतला ओशट वास तिच्या नाकात जाणार, आणि ती म्हणणार, ह्या घरात बाई नाही काय? मला ते सहनच होईना. मी सकाळी लवकर उठून पट्टी सोडली. कोमट पाण्यात चांगलं मूठभर मीठ घालून जखम धुतली. मग पाल्याचा रस आणि मध लावून तासभर तसंच ठेवलं. पुन्हा मिठाच्या पाण्यानं धुऊन, कोरडं करून, नवी कोरी पट्टी बांधली.

लॅबमधली मुलगी म्हणाली, आजी, किती स्वच्छ ठेवलंय तुम्ही. इतरांनी तुमच्याकडून शिकावं.

रिक्षात बसल्यावर मी ह्यांना दोनदा सांगितलं, ऐकलंत ना काय म्हणाली.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला, काहीच उगवलं नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, जखम पाहिली, ती वरून खरोखरच लालचुटूक स्वच्छ दिसत होती. त्यांनी गोळ्या बंद केल्या, नुसती पट्टी करत राहा म्हणाले. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली, ज्या घरात साखर मोजूनमापून आणायची त्या घरात. सासूबाईंची आठवण काढली.

आठव्या दिवशी ह्यांना थंडी वाजून ताप आला. पाय घोट्यापर्यंत सुजून तांबडा झाला, हात लावला तर तव्यासारखा गरम. पोरानं गाडी काढली आणि आम्ही सरळ त्याच डॉक्टरांच्या हॉस्पिटलात. डॉक्टर पाय बघत होते, मग रिपोर्ट, मग पुन्हा पाय. त्यांना मेळच लागेना. काहीच जंतू नव्हते तर हे आठ दिवसांत कुठून आलं? पोराला बाजूला घेऊन ते बोलले, पण मला ऐकू आलं. आत खोल पसरलंय, औषध कुठलं द्यावं तेच कळत नाही, आणि वेळ गेला तर अर्धं पाऊल काढावं लागेल. कदाचित जास्तही.

भाची संध्याकाळी कॉलेजमधून परस्पर हॉस्पिटलात आली. ती डॉक्टर नाही, पण जंतूंचं तिला कळतं, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. तिनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि एकच गोष्ट विचारली, स्वॅब दिला त्या सकाळी काय काय केलंस? मी सांगितलं. मीठ, पाला, मध, पुन्हा मीठ. सांगताना मला अजून वाटत होतं की मी चांगलंच केलं.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, स्वॅब म्हणजे कापसाची काडी, जखमेच्या वर जे असेल ते तिला लागतं. तू वरचं सगळं धुतलंस, मारलंस. खाली हाडाजवळ होते ते तसेच राहिले. कागदावर आलं काही नाही, आणि औषध बंद झालं. शिवाय पाट्यावर वाटलेल्या पाल्याबरोबर मातीतलं काय काय आत गेलं असेल ते वेगळंच. आम्ही लॅबमध्ये पाला धुतो, वाळवतो, अर्क काढून गाळतो, आणि तरी तो माणसाला लावत नाही.

आणि मग तिलाच रडू आलं. म्हणाली, मी तुला तो फोटो दाखवायलाच नको होता.

मी तिला म्हटलं, तू दारात उभी राहून सांगितलं होतंस. ऐकायचं काम माझं होतं.

ती म्हणाली, "आत्या, हे डॉक्टरांना सांगायला हवं. आत्ताच. आणि मी नाही, तूच."

बाकापासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत वीस पावलंही नव्हती. पण खोटं बोलले होते मी त्यांच्याशी, तोंडावर. ते आता सगळ्या स्टाफपुढे म्हणणार, तुझ्या नवऱ्याचा पाय तूच घालवलास. आणि ते खरंच असणार. मी दाराशी पोचले आणि परत फिरले. तेवढ्यात ह्यांच्या खोलीतून आवाज आला, तापात बडबडत होते, बांधावर भरतीचं पाणी चढलंय म्हणून कुणाला तरी हाका मारत होते. मी तशीच वळले आणि डॉक्टरांचं दार ढकललं.

उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाला, मध, मीठ, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले हेसुद्धा. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी खाली मान घालून उभी. मला वाटलं आता सुरू होईल. पण ते उठले, नर्सला हाक मारून नव्यानं स्वॅब घ्यायची तयारी करायला सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माजी, आज बताया, अच्छा किया. कल तक मैं गलत रास्ते पे होता."

एवढंच. मला ओरडले असते तर मी विसरून गेले असते. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी जखम उघडून आतून नमुना घेतला. रिपोर्टची वाट न बघता शिरेतून जोरदार औषध सुरू केलं. पुढे रिपोर्ट आला, त्यावर औषधांची लांब यादी होती, आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे आर. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, भाचीनं बोट ठेवून दाखवलं. ती ज्या हट्टी जंतूंच्या गोष्टी मला सांगत होती, तेच माझ्या घरात येऊन बसले होते. अगदी तळाशी दोन नावांपुढे एस होता, म्हणजे ती दोन औषधं लागू पडतात. त्यातलं एक ह्यांना सुरू केलं. त्या दोन अक्षरांसाठी मी देवापुढे नाही, त्या कागदापुढे हात जोडले.

करंगळी मात्र गेली. हाडापर्यंत सडली होती. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर ह्यांनी आधी विचारलं, किती नेली? मी सांगितलं, एकच, तीही सगळ्यांत लहान. त्यांनी पत्र्याच्या कपाटाखालच्या आपल्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिचं काम तरी काय हुतं. नुसती चपलेच्या बाहेर यायची." मी पदर डोळ्यांना लावला, रडतेय की हसतेय मलाच कळत नव्हतं.

आणि आता गंमत ऐका. घरी सोडताना डॉक्टरांनी जखमेवर लावायला एक ट्यूब लिहून दिली. मी चष्मा लावून वाचलं तर मध. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. ते हसले. म्हणाले, माजी, मधाशी माझं भांडण नाही. हा जंतू मारून, निर्जंतुक करून बंद केलेला मध आहे, आणि तो औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. पाला मात्र नको. पाल्याचं तुमची भाची शोधू दे, तिचं काम पुरं होईल तेव्हा आपण दोघं बघू. असं म्हणून त्यांनी भाचीला बशीतल्या गोलांबद्दल इतकं काही विचारलं, की बाहेरचे पेशंट दार वाजवायला लागले.

त्यांनी माझ्यावर एक कामही सोपवलं. पाय दाखवायला जायचो तेव्हा बाकावर बसलेल्या बायकांना मी सांगायचं, स्वॅबला जाताना जखम धुऊ नका, आणि घरी काय लावलं ते डॉक्टरांना खरं सांगा. मी सांगते. हिंदीत सांगते, मराठीत सांगते, एका कच्छी बाईला तर हातवारे करून सांगितलं. एक जण म्हणाली, आजी, तुम्ही इथे नोकरीला आहात का? मी म्हटलं, हो, बिनपगारी. पण खरं सांगू, त्यातल्या दोघींनी माझ्यासमोर पर्स उघडून आपापली पुडी काढून दाखवली. एकीच्या पुडीत हळद आणि तुरटी होती, दुसरीच्या पुडीत काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं. त्यांना मी आत पाठवलं, पुडीसकट.

भाचीचं काम अजून चालू आहे. पाला अजून आमच्या कंपाउंडमधूनच जातो, मध वसईहून. आता ती कुणाला फोटो पाठवते तेव्हा खाली मोठ्या अक्षरांत लिहिते की हे जखमेवर लावण्यासाठी नाही. तिच्या मॅडमना वाटतं ही मुलगी फार काटेकोर आहे. तिनं त्यांना माझ्याबद्दल सांगितलेलं नाही, एवढी माझी लाज तिनं राखली. मला तिचे उपकार कुठल्या तोंडानं सांगू? त्या दिवशी तिनं मला बाकावर बसवून विचारलं नसतं, आणि विचारून झाल्यावर तूच सांग म्हणून दाराकडे पाठवलं नसतं, तर हे आज वॉकरवर असते. मला तिनं दोषी ठरवलं नाही आणि सोडूनही दिलं नाही. एवढं शहाणपण ह्या वयात कुठून येतं कोण जाणे.

पाच महिने रोज सकाळी अकराला मी ह्यांची पट्टी केली. आधी हात साबणानं धुवायचे, मग हातमोजे, मग सलाईनचं पाणी, मग ट्यूब, मग जाळीची पट्टी. नर्सनं दाखवलं तसंच, त्यात माझं काही घातलं नाही. एकदा मला हळद लावायची फार इच्छा झाली होती, तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी डबा परत ठेवला. जखम आधी वाटीएवढी होती, मग सुपारीएवढी, मग डाळीच्या दाण्याएवढी, आणि दिवाळीनंतर एके दिवशी डॉक्टर म्हणाले, बस, झालं. आता पट्टी नको. फक्त रोज पाय बघायचा, बोटांच्या बेचक्यात, तळव्याला, टाचेला. ह्यांना दुखत नाही तर तुमचे डोळे त्यांच्या पायाला लावा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. मी भाजी निवडत होते. हे खुर्चीत पेपर वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांनी सवयीनं डावा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला. पट्टी नाही, ट्यूब नाही, काही करायचं नाही. तरी मी हात धुतले, चष्मा लावला आणि स्टुलापाशी बसले. एकेक बोट वेगळं करून पाहिलं. तळवा पाहिला. जिथे करंगळी होती तिथे गुलाबी, मऊ, नवी कातडी आली होती, बाळाच्या टाळूसारखी. मी तिच्यावर बोट फिरवलं.

ह्यांनी पेपर खाली केला. "काय शोधतंस गो? नवीन बोट उगावलं काय?"

मी म्हटलं, अजून नाही, उद्या परत बघते.